हरभऱ्याएवढं हृदय आणि सुईच्या टोकाएवढं भोक

उंदराचं हृदय हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं. मिनिटाला ५००-६०० ठोके. त्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत जेमतेम १ मिलिमीटर जाड. त्या भिंतीच्या एखाद्या कोपऱ्याला रक्त पोचतंय की नाही, हे उंदीर जिवंत असताना, त्याला न कापता बघायचं. माझी भाची हे काम करते. शुक्रवारी रात्री शिवनेरीनं पुण्यात येते, रविवारी रात्री परत जाते, आणि मधल्या वेळात मामाकडे एकदा तरी पिठलं-भाकरीचा बेत ठरलेला. मी ३२ वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे पिठल्याबरोबर प्रश्नोत्तरंही ठरलेलीच. फक्त आता प्रश्न मी विचारतो.

माझा पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत गॅमा कॅमेरे आहेत, पेट स्कॅनची मशिनं आहेत. अख्खा माणूस त्यात मावतो, मग उंदीर का मावणार नाही? त्याच्यासाठी वेगळं, महागडं मशीन कशाला?

"मावेल की," ती म्हणाली. "पण मामा, तुला दिसेल काय? एक ठिपका."

हिशेब सोपा आहे. माणूस ७० किलोचा, उंदीर २५ ग्रॅमचा. वजनात २,८०० पट फरक. घनमूळ काढलं की लांबी-रुंदीतला फरक येतो, साधारण १४ पट. हॉस्पिटलमधल्या गॅमा कॅमेऱ्यावर आधारलेल्या स्पेक्ट स्कॅनला १० मिलिमीटरच्या आसपासचा बारकावा दिसतो, म्हणजे त्याहून जवळच्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून जातात. पेट स्कॅन याहून बरा, ४ ते ६ मिलिमीटर. माणसाच्या हृदयाला, यकृताला एवढं चालून जातं. पण उंदराचं सगळं हृदयच १० मिलिमीटरच्या आत संपतं. माणूस जितका बारीक बघतो तितकाच उंदीर बघायचा, तर १० भागिले १४, म्हणजे ०.७ मिलिमीटरपर्यंत उतरायला हवं.

जाता जाता एक. मराठीत माऊस आणि रॅट दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो. प्रयोगशाळेतला रॅट २५०-३०० ग्रॅमचा असतो, आपल्या माऊसच्या दहापट. इथे मी सगळीकडे लहान्याबद्दल बोलतोय.

स्पेक्ट असो की पेट, दोन्हींत अंगात थोडा किरणोत्सारी पदार्थ सोडतात. आता, एवढा खटाटोप तो घालूनच का करायचा? एमआरआय आणि सीटी स्कॅनची उंदरांसाठीची मशिनं आहेतच, आणि त्यांची चित्रं जास्त रेखीव येतात. फरक असा की ती रचना दाखवतात. तुळशीबागेचा नकाशा कोणतं दुकान कुठे आहे ते सांगतो. दिवाळीच्या आदल्या रविवारी गर्दी नेमकी कोणत्या बोळात तुंबलीय ते सांगत नाही. गर्दी बघायची तर गर्दीतल्या काही लोकांच्या हातात दिवे द्यावे लागतील. आयसोटोप, म्हणजे इथे किरणोत्सारी अणू, हा तो दिवा. पेशींना लागणाऱ्या साखरेच्या रेणूला, किंवा गाठीला जाऊन चिकटणाऱ्या औषधाच्या रेणूला तो बांधायचा, शिरेतून सोडायचा आणि दिवे कुठे जमतात ते बाहेरून बघायचं. अशा दिवा बांधलेल्या रेणूला ट्रेसर म्हणतात.

आणि दिवे लागतात तरी किती? स्पेक्टमध्ये सर्रास वापरलं जाणारं टेक्नेशियम-९९एम घ्या. उंदराला १ मिलिक्युरी (हे किरणोत्सार मोजायचं एकक) दिलं, तर त्या टेक्नेशियमचं वजन एका नॅनोग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढं भरतं. मी कागदावर गणित मांडून पाहिलं, दोनदा. एका ग्रॅमचे १०० कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा पाच. इतक्या कमी पदार्थानं शरीराच्या कारभारात ढवळाढवळ होत नाही. इतक्या कमी मात्रेचा माग काढणं एमआरआयच्या आवाक्यातलं नाही.

अडचण इथून सुरू होते. दिव्यातून निघतात गॅमा किरण, आणि त्यांना एकवटणारं साधं भिंग नसतं. काचेतून ते न वळता आरपार जातात. मग चित्र उमटवायचं कसं?

याचं उत्तर मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, फक्त ते उत्तर आहे हे माहीत नव्हतं. शनिवार पेठेत आत्याच्या वाड्यात दुपारी दारं-खिडक्या लावून सगळे आडवे व्हायचे. रस्त्याकडच्या दाराच्या फळीत एक गाठ निसटून भोक पडलं होतं. त्यातून समोरच्या भिंतीवर रस्ता उमटायचा, उलटा. सायकलवाले छतावरून लटकत चालल्यासारखे जायचे, हातगाडीवर केळ्यांचे घड वर टांगलेले दिसायचे. कौलांच्या फटीतून जमिनीवर पडणारे कवडसे तर सगळ्यांनीच पाहिलेत. फट तिकोनी असो की वेडीवाकडी, कवडसा गोलच पडतो, कारण ते फटीचं चित्र नसतं, सूर्याचं असतं. सूर्यग्रहणाच्या दिवशी झाडाखाली उभं राहा, पानांच्या सावलीत शेकडो चंद्रकोरी दिसतील.

भिंग नसेल तर भोक. गॅमा किरणांसाठीही तेच, फक्त फळी लाकडाची चालत नाही. शिसं नाहीतर टंगस्टन लागतं. हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला गॅमा कॅमेरा बनवला. गॅमा किरण पडला की लकाकणारा एक मोठा स्फटिक आणि ती लकाकी टिपणाऱ्या नळ्या, अशी त्याची मूळ रचना, आणि आजही बहुतेक ठिकाणी तीच आहे. त्याच्यापुढे हॉस्पिटलात जे लावतात ते मात्र एक भोक नसतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी शिशाची जाळी असते, हजारो समांतर भोकांची. तिला कॉलिमेटर म्हणतात. सरळ आलेला किरण आत, तिरका आलेला शिशात. यातून पडणारं चित्र मूळ वस्तूच्याच आकाराचं असतं, एकास एक. माणसाला तेच सोयीचं. उंदराला मात्र तेच मारक, कारण कॅमेऱ्याची स्वतःची नजर ३-४ मिलिमीटरची, आणि हरभऱ्याचं हरभऱ्याएवढंच चित्र तिला काय कळणार?

आत्याच्या दाराकडे परत या. भोक आणि भिंत यांत अंतर जास्त, आणि वस्तू भोकाच्या जवळ, तर चित्र वस्तूपेक्षा मोठं पडतं. रस्ता दूर होता म्हणून आम्हाला लहान दिसायचा. उंदीर भोकाला चिकटवून ठेवता येतो.

आकडे घालून बघू, कारण सगळी गंमत त्यांच्यातच आहे. अर्ध्या मिलिमीटरचं भोक. उंदीर त्याच्यापासून २५ मिलिमीटरवर, स्फटिक दुसऱ्या बाजूला १२५ मिलिमीटरवर. चित्र पाचपट मोठं. कॅमेऱ्याची ३.५ मिलिमीटरची जाडी नजर उंदराच्या अंगावर ३.५ भागिले ५, म्हणजे ०.७ मिलिमीटरची झाली. भोकाला स्वतःची रुंदी असल्यामुळे तेही चित्र थोडं फासतं, म्हणजे धूसर पसरवतं, या मांडणीत ०.६ मिलिमीटर. दोन्ही फासणी मिळून, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ०.९२ मिलिमीटर. आता स्फटिक आणखी मागे, २५० मिलिमीटरवर न्या. चित्र दहापट, आणि उत्तर ०.६५ मिलिमीटर. कॅमेरा तोच, जुना, जाड नजरेचा. फक्त भोक आणि अंतर यांच्या जोरावर आपण ०.७ च्या खाली उतरलो.

मी हे गणित करून भाचीला दाखवलं तेव्हा तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "आणि काउंट?"

काउंट म्हणजे कॅमेऱ्यापर्यंत पोचलेल्या किरणांची मोजणी. हीच या धंद्यातली गोम. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून २५ मिलिमीटरवरच्या बिंदूचे किती किरण आत येणार? भोकाच्या व्यासाचा वर्ग भागिले अंतराच्या वर्गाची १६ पट. उत्तर येतं ४० हजारांत एक. उरलेले ३९,९९९ शिशात, टंगस्टनमध्ये, खोलीच्या भिंतीत. प्रत्येक किरण हा चित्राचा एक दाणा धरला, तर इतक्या थोड्या दाण्यांत चित्र भरतच नाही, नुसती भुरभुर दिसते. भोक मोठं करा, दाणे वाढतात, चित्र फासतं. भोक लहान करा, चित्र रेखीव होतं आणि दाणे संपतात. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे.

मग एका भोकाऐवजी अनेक भोकं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या फ्रीक बीकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यू-स्पेक्ट नावाचं जे यंत्र प्रसिद्ध केलं, त्यात उंदराभोवती ७५ सूक्ष्म भोकं होती, सगळी एकाच छोट्या भागावर रोखलेली. आपल्या वरच्या हिशेबात ७५ भोकं घातली की ४० हजारांत एकाचे साधारण पाचशेत एक होतात. आणि भोकांच्या कडा कशाच्या? सोन्याच्या. लक्ष्मी रोडवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही, सोनं किती लागणार! पण कारण ऐकण्यासारखं आहे. भोकाची कड पातळ असते, आणि पातळ कडेतून थोडे गॅमा किरण निसटतातच. मग भोक आहे त्यापेक्षा मोठं असल्यासारखं वागतं. धातू जितका घन तितकी ही गळती कमी. शिशाची घनता ११.३, सोन्याची १९.३. शिशाची कड बोथट कात्रीसारखी, सोन्याची धारदार.

प्रत्येक भोक उंदराकडे वेगळ्या कोनातून बघतं, ७५ भोकं म्हणजे ७५ बाजूंचे फोटो. त्यांच्यावरून संगणक उलटा हिशेब करतो: उंदराच्या शरीरात दिवे कुठे-कुठे असले म्हणजे हे सगळे फोटो असेच आले असते? एक अंदाज धरतो, त्यावरून फोटो कसे येतील ते काढतो, खऱ्या फोटोंशी ताडून बघतो, अंदाज सुधारतो, आणि हे घोटत राहतो. यात यंत्राची प्रत्येक खोड आधी मोजून ठेवावी लागते. एखादं भोक ०.१ मिलिमीटर सरकलेलं असेल आणि हिशेबाला ते ठाऊक नसेल, तर सोन्याचा काय उपयोग.

भोकांची ही करामत आपल्या पुण्यातही चालते, उंदरांसाठी नव्हे, आकाशासाठी. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे, त्याचं काम सांभाळणारं पेलोड ऑपरेशन सेंटर तिथे. दूरच्या ताऱ्यांकडून आणि कृष्णविवरांच्या परिसरातून येणारे क्ष-किरण ते टिपतं, आणि त्याच्या तोंडावर एक पत्रा आहे: ठरावीक नक्षीत भोकं पाडलेला. भोकांची चित्रं एकमेकांवर पडतात, सरमिसळ होते, पण नक्षी माहीत असल्यामुळे ती सोडवता येते. उंदरांच्या यंत्रांसाठीही असे नक्षीदार पत्रे वापरून पाहिले गेले आहेत. शिवाय सीझेडटी म्हणजे कॅडमियम झिंक टेल्युराइड. या अर्धवाहकात किरण पडला की लकाकी आणि नळ्या असा वळसा न घेता थेट विजेचा झटका मिळतो. तोच पदार्थ उंदरांच्या नव्या कॅमेऱ्यांतही बसतो आहे. एकीकडे कृष्णविवर, दुसरीकडे हरभऱ्याएवढं हृदय, दोघांनाही भिंग नाही म्हणून भोक. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून विषयाला थोडी बाजूला असूनही सांगितली.

आता पेट. यात भोकच नाही. फ्लोरिन-१८ सारखा आयसोटोप पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन भाराचा जुळा, सोडतो. तो थोडं अंतर भटकतो, इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण एकमेकांच्या पाठीला पाठ लावून निघतात. भोवती डिटेक्टरांचं कडं असतं. कड्यातल्या दोन ठिकाणी एकाच क्षणी लकाकी आली, की उगम त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर. दिशा फुकटात कळली, जाळी लागली नाही, शिशात किरण वाया गेले नाहीत. स्पेक्टमध्ये हजारांत एखाद-दुसरा मिळतो, तिथे पेटमध्ये शंभरातले काही मिळतात. माणसाच्या बाबतीत पेटचं चित्र स्पेक्टपेक्षा सरस येतं ते यामुळेच.

मी समजत होतो की उंदरातही पेटच पुढे असणार. इथे मी चुकलो, आणि या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट ही आहे: लहान प्राण्यांत बाजी उलटते. बारकाव्यात स्पेक्टच जिंकतं. चांगलं पेट १ मिलिमीटरच्या आसपास अडतं, आणि भोकांचं स्पेक्ट अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली जातं.

कारण पेटची अडचण यंत्रात नाही, निसर्गात आहे. पॉझिट्रॉन भटकतो तेवढं चित्र फासणारच, कारण आपल्याला दिसते ती त्याच्या मरणाची जागा, जन्माची नव्हे. फ्लोरिन-१८ चा पॉझिट्रॉन पेशीसमूहात सरासरी ०.६ मिलिमीटर भटकतो. गॅलियम-६८ चा दांडगट, ३ मिलिमीटरच्या आसपास. माणसात ३ मिलिमीटरचं काय घेऊन बसलात, पण उंदरात तेवढ्यात मूत्रपिंडाचा निम्मा भाग पार होतो. दुसरी गोष्ट, पाठीला पाठ लावून निघालेले दोन किरण अगदी सरळ रेषेत नसतात, किंचित कोन राहतो. कड्याचा व्यास ८० सेंटिमीटर असेल तर त्यापायी १.८ मिलिमीटरची फासणी येते. उंदराचं कडं १५ सेंटिमीटरचं करता येतं, मग ती ०.३ वर येते. कडं लहान केलं की मात्र किरण कड्यातल्या स्फटिकांच्या बारीक काड्यांत तिरपे घुसतात, एका काडीतून शिरून शेजारच्या काडीत लकाकतात, आणि रेषा चुकीची आखली जाते. म्हणून नव्या यंत्रांत लकाकी काडीच्या तोंडाशी झाली की बुडाशी, हेही मोजतात.

उंदरांसाठीचं हे पेट सुरू झालं १९९० च्या दशकात, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोपेट बनवलं. २ × २ मिलिमीटरच्या, १० मिलिमीटर लांब अशा स्फटिकांच्या काड्या, आगपेटीतल्या काड्यांसारख्या जुड्या करून बसवलेल्या. स्फटिक ल्युटेशियम ऑर्थोसिलिकेटचा. लकाकी लख्ख, झटपट विझणारी, एकदम कामाची. गंमत म्हणजे ल्युटेशियममध्ये निसर्गतःच थोडा किरणोत्सार असतो. किरण मोजायला ठेवलेला कारकून स्वतःच अधूनमधून खोट्या नोंदी करतो, त्या वजा करत बसावं लागतं.

भोकांच्या बाजूनं मी भांडतोय असं वाटेल, तर पेटचीही बाजू सांगतो. कार्बन-११ किंवा फ्लोरिन-१८ रेणूत गुण्यागोविंदानं बसतात, टेक्नेशियमसारख्या धातूला रेणूला बांधायला वेगळा हूक लागतो आणि त्यानं रेणूचा स्वभाव बदलू शकतो. पण स्पेक्टकडे आणखी एक हुकमी पत्ता आहे. टेक्नेशियमचा किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा, आयोडीन-१२५ चे ३० च्या आसपास. दोन वेगळ्या ट्रेसरना हे दोन दिवे बांधले, तर एकाच वेळी दोन रंगांत बघता येतं. पेटमध्ये आयसोटोप कोणताही घ्या, किरण ५११ चाच.

बारकाव्याची एवढी हाव कशासाठी, चित्र सुंदर यावं म्हणून? नाही. आकडा खरा यावा म्हणून. टीपकागदावर शाईचा थेंब टाका. शाई तेवढीच, पण डाग मोठा आणि फिका. २ मिलिमीटरची गाठ २ मिलिमीटर फासणाऱ्या यंत्रात तशीच फिकी दिसते. औषधानं गाठ अर्धी झाली, तर आणखी फिकी दिसेल, आणि संशोधक लिहील की गाठीची साखरेची भूक कमी झाली. भूक होती तेवढीच असेल, फक्त गाठ लहान झाली असेल. असे निष्कर्ष छापून गेले की मागे घेणं अवघड.

यंत्र विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकातल्या आकड्यांकडेही मी आता जरा तिरक्या नजरेनं बघतो. ते आकडे येतात फँटममधून. प्लास्टिकची छोटी डबी, तिच्यात वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या त्रिकोणात मांडलेल्या, हुबेहूब ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या, आणि त्यांत आयसोटोपचं दाट पाणी. तासन्तास मोजायचं आणि ०.४ मिलिमीटरचे ठिपके सुटे दिसले की छाती पुढे. डबी श्वास घेत नाही. तिचं हृदय ६०० वेळा धडधडत नाही. उंदीर घेतो, आणि त्याचं धडधडतं.

आता काउंटचा हिशेब पुरा करू. १० मिलिमीटरच्या घनाऐवजी १ मिलिमीटरचा घन बघायचा, तर त्याचं आकारमान हजारपट कमी. त्यातून तेवढेच किरण यायचे तर दर ग्रॅमला दिवे जास्त हवेत. माणसाच्या हाडांच्या स्कॅनला २० मिलिक्युरी देतात. उंदराला १ दिली तरी शरीराच्या दर ग्रॅमला ती माणसाच्या १४० पट होते. अंगात मुरलेल्या किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात, ती एका ग्रेच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात सहज जाते. त्यानं उंदीर मरत नाही. पण किरणोत्साराचा गाठीवर परिणाम होतो हे आपल्यालाच माहीत असताना, दर आठवड्याला स्कॅन करून गाठ लहान झाली म्हटलं, तर ती औषधानं की स्कॅननं, हा प्रश्न कुणीतरी विचारणार. विचारायलाच हवा.

आणि द्यायचं कुठून, हेही बघा. उंदराच्या अंगात रक्त सगळं मिळून २ मिलिलिटर. शेपटीच्या शिरेतून ०.१, फार तर ०.२ मिलिलिटर घालता येतं. शेपटी आधी कोमट पाण्यात धरायची, म्हणजे शीर फुगते. भाची सांगते, पहिल्या महिन्यात निम्मी इंजेक्शनं शिरेत न जाता शेपटीतच राहिली आणि स्कॅनमध्ये शेपटी ट्यूबलाइटसारखी उजळली.

०.२ मिलिलिटरची ही मर्यादा थेट रस्त्यावरच्या वाहतुकीशी जोडलेली आहे. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, ११० मिनिटं. समजा मुंबईच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे ते बनवणाऱ्या यंत्रातून, निघालेली कुपी पुण्याला यायचीय, आणि खंडाळ्याच्या घाटात ट्रक आडवा झालाय. २२० मिनिटांनी कुपीत चौथाई उरली. माणसासाठी काय, चौपट पाणी काढून टोचता येतं. उंदरासाठी ०.२ चं ०.८ करता येत नाही. कुपी भरलेली आणि प्रयोग रद्द, असं होतं.

टेक्नेशियमचं बरं आहे. त्याचं अर्धायुष्य ६ तास, पण ते मिळतं मॉलिब्डेनम-९९ पासून, आणि त्याचं ६६ तास. मॉलिब्डेनमची शिशात बंद केलेली नळी आणून ठेवायची. आत टेक्नेशियम साठत राहतं, ते मिठाच्या पाण्यानं धुऊन काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. जगभर या नळीला गाय म्हणतात, आणि काढण्याला धार काढणं. आपल्याकडे वाशीच्या ब्रिटमधून, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या आयसोटोप पुरवणाऱ्या संस्थेतून, अशा गाई देशभर जातात. सकाळी सकाळी एकीकडे चहाला दूध, दुसरीकडे स्कॅनला टेक्नेशियम.

एवढं सगळं जमलं तरी उंदीर काय करून ठेवेल सांगता येत नाही. मागच्या पावसाळ्यात भाचीच्या एका तुकडीत साखरेच्या ट्रेसरचा पेट स्कॅन होता. चारही उंदरांच्या दोन खांद्यांच्या मधोमध लखलखीत डाग. गाठ तर मांडीत लावलेली. पसरली की काय? रात्री अकराला तिचा मला फोन, म्हणजे मला यातलं काही कळतं म्हणून नव्हे, कुणाशी तरी बोलायचं म्हणून. सकाळी तिच्या वरिष्ठ बाईंनी चित्र बघितलं आणि एवढंच विचारलं, "एसी किती वर होता?"

२० वर होता. उंदरांना थंडी वाजली होती. त्यांच्या खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते, अंग गरम ठेवायला ती साखर जाळते, आणि साखरेचा ट्रेसर इमानेइतबारे तिथे जाऊन बसला होता. ट्रेसर खोटं बोलला नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. आता इंजेक्शनच्या आधी अर्धा तास उंदीर ३० अंशांवर ठेवतात, काही तास उपाशी ठेवतात, स्कॅनच्या पाळण्याखालीही ऊब असते, आणि भूल दिल्यापासून शुद्धीवर येईपर्यंत तापमानाची तार लावलेली असते. डोळ्यांच्या मागच्या हार्डेरियन ग्रंथीही अशाच उजळतात, उंदराला माणसात नसलेल्या या ग्रंथी असतात. नवखा त्यांनाही मेंदूतल्या गाठी समजतो.

पूर्वी असा प्रयोग करायचा तर पाच वेगवेगळ्या दिवशी सहा-सहा उंदीर मारून, अवयव काढून, मोजावे लागत. ३० उंदीर, आणि पहिल्या दिवशीचा उंदीर पाचव्या दिवशी कसा असता ते कधीच कळत नसे. स्कॅनमुळे तेच सहा उंदीर पाचही दिवस. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीपुढे हा मुद्दा मांडावाच लागतो: कमी प्राण्यांत भागेल का? भाचीला मी विचारलं, तुला वाईट वाटतं का? ती म्हणाली, "वाटतं. म्हणून इंजेक्शन पहिल्या फटक्यात जावं यासाठी जिवाचा आटापिटा करते."

या शुक्रवारी ती जरा उशिरा आली. दुपारी तीनला शेवटच्या उंदराला टेक्नेशियम दिलं, स्कॅन केला, उंदीर शिशाच्या पडद्यामागच्या पिंजऱ्यात परत ठेवला. पिंजऱ्यातला लाकडाचा भुसा, हातमोजे, कापूस, सगळं झाकणाच्या शिशाच्या पेटीत, वर तारीख आणि वेळ. दहा अर्धायुष्यं म्हणजे ६० तास, म्हणजे सोमवारी पहाटे तीन. तोवर हजारातला एखादाच भाग उरतो. ती सोमवारी अकराला जाऊन पेटीवर किरण मोजणारा काउंटर धरणार, काटा खोलीच्या नेहमीच्या आकड्यावर आला असेल तर शेरा मारून सही करणार आणि पेटी रिकामी करणार, कारण बाराला पुढच्या तुकडीचा भुसा त्याच पेटीत टाकायचाय.